इलेक्ट्रिक बसतो, मॅच निसटते

पत्र: दादा, मी नाशिकला असतो, वय २७, कारखान्यात शिफ्ट ड्युटी. टेकन ८ हा मारामारीचा व्हिडिओ गेम आल्यापासून एकच कॅरेक्टर धरून बसलोय, काझुया. रोज प्रॅक्टिस मोडमध्ये तास-दीड तास घालवतो. डाव्या बाजूला उभा असलो की त्याचा विजेचा ठोसा, इलेक्ट्रिक, सलग कितीही मारू शकतो. व्हिडिओत बघितलेले एकामागून एक ठोशांचे लांबलचक कॉम्बोही बसतात. पण रँक्ड, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीच्या मॅच, खेळायला गेलो की गार्यू या पायरीच्या पुढे सरकत नाही. किंग आला की पकडून आपटतो, ह्वोआरांग लाथा मारत भिंतीपर्यंत नेतो, आणि एडीवाले तर नुसती बटणं बडवतात, तरी जिंकतात. मित्र म्हणतात, काझुया तुझ्याच्याने होणार नाही, एखादं सोपं कॅरेक्टर घे. साधा पॅड सोडून महागडी आर्केड स्टिक घ्यावी का, असंही डोक्यात आहे. की या खेळाचं माझं वयच गेलं? आणि रोज सराव करायचा तरी किती? – इलेक्ट्रिकवाला

उत्तर:

अरे इलेक्ट्रिकवाल्या,

कॅरेक्टर बदलू नकोस, स्टिक घेऊ नकोस, आणि वय बिय काही गेलेलं नाही. तिन्ही उत्तरांची कारणं पुढे देतोच. आधी मला तुझ्या त्या तास-दीड तासाबद्दल बोलायचंय.

प्रॅक्टिस मोडमध्ये तू घाम गाळतोस तेव्हा समोरचा पुतळा काय करत असतो? उभा असतो. मार खातो, पडतो, उठतो, पुन्हा उभा राहतो. म्हणजे तू वर्षभर अशा माणसाशी लढायची तयारी केलीस जो कधी पकडत नाही, कधी खाली बसत नाही, बाजूला सरकत नाही आणि तुझी चाल चुकली तरी उलट मारत नाही. रँक्डमध्ये असा एकही जण भेटत नाही. तालमीत जोर-बैठका मारून अंग कमावता येतं, पण कुस्ती जोडीशी भिडल्यावरच येते. तुझं अंग केव्हाच कमावून झालंय, तरी तू रोज जोरच मारतोयस.

टेकन न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडं थांबतो. इलेक्ट्रिक विंड गॉड फिस्ट हा काझुयाच्या मिशिमा घराण्याचा ठोसा. पुढे दाबायचं, सोडायचं, खाली, मग खाली-पुढे, आणि खाली-पुढे ज्या फ्रेमला लागलं नेमक्या त्याच फ्रेमला उजव्या हाताचं बटण, म्हणजे २. खेळ सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, तेव्हा ‘त्याच फ्रेमला’ म्हणजे सेकंदाच्या साठाव्या हिश्शात. जमलं तर वीज कडाडते, आणि समोरच्याने ब्लॉक केला तरी तू त्याच्यापेक्षा ५ फ्रेम आधी मोकळा होतोस. बटणाला एका फ्रेमचाही उशीर झाला की साधा विंड गॉड फिस्ट निघतो. तो ब्लॉक झाला की तू १० फ्रेम मागे, आणि समोरचा फुकटात जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसा, मारून जातो.

एवढी अवघड गोष्ट तुझ्या बोटांत बसली, त्याचं कौतुक आहेच. पण हा ठोसा हाय आहे. खाली बसलेल्याच्या डोक्यावरून जातो, बाजूला सरकणाऱ्यालाही पुष्कळदा चुकतो. तो कसा मारायचा हे तुला कळलंय. कधी मारायचा हे पुतळा शिकवू शकत नाही, कारण पुतळ्यावर तो कधीही मारला तरी बसतोच.

आता मित्रांचं म्हणणं. काझुया अवघड आहे, यात ते खोटं बोलत नाहीत. त्याचा सगळा डाव भीतीवर चालतो. क्राऊच डॅश करत, म्हणजे वाकून पुढे झेपावत, तो जवळ आला की समोरच्याला अंदाज बांधावा लागतो: पायांवर हेलस्वीप येणार की मिड, म्हणजे बसलेल्यालाही लागणारा मधला मार? हेलस्वीप पाव सेकंदाच्या आसपास येऊन लागतो. तो बघून मग खाली बसणं माणसाच्या डोळ्यांना झेपत नाही. उभा राहिला तर हेलस्वीपने पाडलं, बसला तर मिडने हवेत उडवलं, असा तो पेच. पण हेलस्वीप ब्लॉक झाला तर तूच हवेत जातोस. आणि पेच टाकायला आधी जवळ पोचावं लागतं. दुरून टोचत बसायला, टुकूटुकू जॅब-लाथांवर डाव काढायला बाकीच्यांकडे जेवढी सोय आहे तेवढी काझुयाकडे नाही. त्यामुळे काझुया घेणाऱ्याचा अर्ध्याहून जास्त सराव बचावाचा असायला हवा, असं माझं मत आहे. तुझ्या पत्रात बचाव हा शब्द एकदाही आलेला नाही.

पण मला सांग, किंगने तुला उचलून आपटलं तेव्हा तू लीरॉयसारखं दुसरं कॅरेक्टर घेतलेलं असतंस तर त्याने आपटलं नसतं? पकड सोडवता येत नाही हा काझुयाचा दोष नाही. उद्या तू सोपं कॅरेक्टर घेतलंस तर पहिला महिना मजेत जाईल, दोन-चार लेव्हल वरही चढशील. मग तोच किंग, तोच ह्वोआरांग पुन्हा समोर येतील आणि तू जे कधी शिकलाच नाहीस तेच पुन्हा विचारतील. उलट काझुयाने खेळत असताना किंगच्या पकडी सोडवायला शिकलास, तर ते शिक्षण पुढे कुठल्याही कॅरेक्टरला कामी येतं. खेळ बाजारात आला तेव्हाच ३२ कॅरेक्टर होती, नंतर भर पडतेच आहे. समोरच्यांची एवढी मोठी जत्रा ओळखायची असताना निदान आपल्या हातातलं माणूस तरी रोज तेच असू दे.

कॅरेक्टर बदलायचं एकच कारण मी मानतो: त्याच्याबरोबर खेळताना मजा येत नसेल तर. तुझ्या पत्रातून तसं दिसत नाही. वीज कडाडली की अजून अंगावर काटा येतो ना? मग राहू दे त्याला. याच घराण्याचं अवघड बिऱ्हाड घेऊन मोठ्या स्पर्धा जिंकता येतात हे काही लपलेलं नाही. २०१७च्या टेकन वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा दक्षिण कोरियाच्या कुडान्सने जिंकली ती डेव्हिल जिन घेऊनच.

वयाचं दोन ओळींत संपवतो. हांगझोऊच्या आशियाई खेळांत, २०२३ साली, स्ट्रीट फायटर ५ या अशाच मारामारीच्या गेमचं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी घेतलं तेव्हा त्यांचं वय ४४ होतं. तू २७चा आहेस. पुढे चल.

सरावाला विषय कुठून आणायचा, तर हरलेल्या मॅचमधून. टेकन ८मध्ये रिप्ले आपोआप साठवले जातात आणि ते नुसते बघायचे नसतात. हवं तिथे थांबवून तू स्वतः कंट्रोल हातात घेऊ शकतोस, तो क्षण पुन्हा खेळून बघू शकतोस. कुठे पनिश करता, म्हणजे चाल ब्लॉक करून उलट मारता आलं असतं, हेही खेळच सुचवतो. इतकी चांगली सोय फुकट मिळालेली असताना लोक हरल्यावर दात-ओठ खात ‘रीमॅच’ दाबतात, याचं मला कायम नवल वाटतं. एक साधी वही घे. हरलेल्या मॅचचा रिप्ले लावायचा आणि प्रत्येक राऊंडला एकच गोष्ट लिहायची: मला सगळ्यात जास्त कशाने मारलं? ‘मी वाईट खेळलो’, ‘तो स्पॅम करतो’ असलं काही वहीत नको. चाल लिही. नाव माहीत नसेल तर ‘डावा पाय वर, मग गोल फिरून खाली’ असं लिही. आठवडाभराची पानं चाळलीस की तीच दोन-तीन वर्णनं पुन्हा पुन्हा दिसतील. त्यातली जी सगळ्यात जास्त वेळा आली, ती त्या आठवड्याचा विषय. एकच. बाकीच्यांनी मारलं तर मारू दे.

किंगचंच उदाहरण घेऊ, तुझ्या पत्रात पहिला मान त्याचा आहे. साधी पकड १ (डाव्या हाताचं बटण) किंवा २, कुठल्याही एका बटणाने सुटते, तिची काळजी नको. घात करतात त्या त्याच्या खास पकडी. तिथे बरोबर तेच बटण लागतं, आणि ते त्याच्या हातांवरून ओळखायचं असतं. डावा हात पुढे आला तर १, उजवा आला तर २, दोन्ही हात एकदम आले तर १ आणि २ एकत्र. हे वाचायला जितकं सोपं आहे तितकं मॅचमध्ये नाही, कारण तिथे तुझे डोळे स्वतःच्या काझुयावर असतात. म्हणून पुतळ्याला किंग कर. आधी दोनच पकडी रेकॉर्ड कर, एक १ने सुटणारी आणि एक दोन्ही बटणांनी सुटणारी, आणि त्या आलटून-पालटून येतील असं लाव. नजर किंगच्या खांद्यांवर ठेव, चेहऱ्यावर नको, तो वाघाचा मुखवटा मुद्दाम लक्ष खेचतो. (वाघ नव्हे, जॅग्वार. लहानपणापासून आपण सगळे त्याला वाघच म्हणत आलो.) दोन नीट ओळखू यायला लागल्या की २ने सुटणारी तिसरी घाल. मग चौथ्या जागेवर पकड नको, एखादा मिड ठोसा घाल. आता तुला बटण दाबायचं की नुसतं ब्लॉक करायचं हेही ठरवावं लागेल, आणि खरी मॅच हीच असते.

पकडीवर दुसरा इलाज म्हणजे खाली बसणं. उभ्या माणसाला धरायच्या पकडी बसलेल्याच्या डोक्यावरून हवेत मिठी मारून जातात, आणि तेवढ्या वेळात काझुया उठता उठता ट्विन पिस्टन मारून किंगला हवेत उडवतो. पुढचा कॉम्बो तुला येतोच, वर्षभर तोच तर घोटलायस. पण सारखा बसायला लागलास की शहाणा किंग मिड मारेल. मारू दे. त्याने पकडी सोडून मिड मारायला सुरुवात केली म्हणजे आता तो तुझा विचार करून खेळतोय. किंगच्या साखळी पकडी, एकातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाणाऱ्या, त्यांच्या नादी आत्ता लागू नकोस. पहिलीच सोडवली तर साखळी लागत नाही.

ह्वोआरांगचं दुखणं निराळं आहे. त्याच्या लाथा संपतच नाहीत असं वाटतं, कारण तो एका पायावरून दुसऱ्या पायावर, एका पवित्र्यातून दुसऱ्या पवित्र्यात जात राहतो, आणि आपण ‘आता संपलं असेल’ म्हणून बटण दाबतो. नेमकी तेव्हाच पुढची लाथ बसते, काऊंटर हिट म्हणून, जास्त दुखवून. यावर माझा सल्ला तुला आवडणार नाही: एक संध्याकाळ स्वतः ह्वोआरांग खेळ. रँक्डमध्ये नको, मित्राबरोबर किंवा कॉम्प्युटरबरोबर. दोन तासांत कळेल की त्याला स्वतःला कुठे भीती वाटते, कुठली लाथ हाय असते, कुठली ब्लॉक झाली की तो उघडा पडतो. मग त्याच्या तीन मालिका पुतळ्यावर रेकॉर्ड कर, काझुया घे आणि हाय लाथेला खाली बसायला शीक. तीनच. सगळा ह्वोआरांग पाठ करायला गेलास तर दिवाळी येईल.

इथे पनिश करण्याचा हिशेब एकदा नीट समजून घे, कारण गार्यू आणि त्याच्या वरच्या पायऱ्यांत मला सगळ्यात मोठा फरक इथे दिसतो. तुझा जॅब १० फ्रेममध्ये लागतो. समोरच्याची चाल तू ब्लॉक केलीस आणि तो १० किंवा त्याहून जास्त फ्रेम मागे राहिला, तर तुझा जॅब त्याला चुकवताच येत नाही. ९ मागे असेल तर येतो. खाली बसून लो, म्हणजे पायांवरचा मार, ब्लॉक केलास तर उठता उठता ४ (उजव्या पायाचं बटण) मारायचा, तो ११ फ्रेमचा. सुरुवातीला एवढी दोनच हत्यारं पुरेत, उभ्याने एक, बसून एक. पण १० फ्रेम म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. ब्लॉक झाल्यावर ‘ही कुठली बरं चाल होती?’ असा विचार केलास की वेळ गेली. चाल अंगावर येत असतानाच ओळखावी लागते. त्यामुळे फ्रेमचे तक्ते छापून भिंतीवर लावू नकोस. प्रॅक्टिसमध्ये पनिशमेंट ट्रेनिंग आहे, त्यात समोरच्या कॅरेक्टरच्या पनिश करण्यासारख्या चाली एकेक करून येतात आणि आपण उत्तर द्यायचं. तुला त्रास देणारं कॅरेक्टर निवड, पाच चाली घे, दहा मिनिटं कर. कंटाळवाणं आहे, मान्य. इलेक्ट्रिकसारखी वीज यात चमकत नाही.

आता एडी. ‘नुसती बटणं बडवतात’ हे वाक्य मी टेकन ३पासून ऐकतोय. तो खेळ आर्केडला १९९७ला आणि प्लेस्टेशनवर १९९८ला आला. आपल्याकडच्या तासावारी पैसे घेणाऱ्या गेम पार्लरमध्ये एडी घेऊन दोन्ही लाथांची बटणं अंगठ्याने चोळणारा पोरगा हमखास असायचा, आणि त्याच्या मागे ‘हे काही खेळणं नव्हे’ असं कुरकुरत नंबर लावून उभे राहणारे बाकीचे. (त्यात काझुया नव्हताच. त्याच्या बापाने, हेहाचीने, त्याला ज्वालामुखीत टाकल्यानंतरची गोष्ट आहे ती. वीज होती ती जिन आणि हेहाचीकडे.) टेकन ८मध्ये एडी एप्रिल २०२४मध्ये आला आणि कुरकूर पुन्हा सुरू झाली. पण जरा नीट विचार कर. बटणं बडवणारा पुढे काय करणार हे त्यालाच ठाऊक नसतं, म्हणून तू त्याच्या मनातलं ओळखून त्याला फसवू शकत नाहीस. हेलस्वीपच्या भीतीने तो खाली बसणार नाही, कारण त्याला भीतीच वाटत नाही. म्हणजे काझुयाचं सगळ्यात मोठं हत्यार त्याच्यापुढे बोथट. मग उरतं काय? ब्लॉक करायचं, थांबायचं, त्याची लाथ संपली किंवा हवेत गेली की मारायचं. तू हरतोस कारण तूही त्याच्याबरोबर बटणं दाबायला लागतोस. तो बटणं बडवण्यात तुझ्यापेक्षा तरबेज आहे, आयुष्यभर तेच केलंय त्याने.

तुझ्या लाडक्या इलेक्ट्रिककडे वळतो, त्याचाही सराव सोडायचा नाहीये. फक्त पुतळ्याला जिवंत कर. एका जागेवर एखादी लांबून येणारी, हुकली की सावरायला वेळ लागणारी चाल रेकॉर्ड कर. दुसऱ्या जागेवर नुसतं पुढे चालणं. तिसऱ्या जागेवर खाली बसून जॅब. तिन्ही आलटून-पालटून लाव. तू एक पाऊल मागे घे आणि बघ. चाल हवेत गेली की इलेक्ट्रिक. तो चालत आला तर हात आवरायचा. तो बसला तर इलेक्ट्रिक मारायचाच नाही. पहिल्या दिवशी तुझे बसलेले इलेक्ट्रिक इतके कमी होतील की चिडचिड होईल. पण मॅचमध्ये जे होतं तेच हे आहे, आता निदान तुझ्या डोळ्यांसमोर होतंय. आणि हे सगळं उजव्या बाजूला उभा राहून. पत्रात ‘डाव्या बाजूला उभा असलो की’ असं लिहिलंयस, त्यातच अर्धी गोष्ट आली. मॅचमध्ये कुठल्या बाजूला उभं राहायचं हे नेहमी तुझ्या हातात नसतं, आणि एका बाजूचंच जमत असेल तर समोरच्याला फक्त बाजू बदलायची खोटी. पुढचा महिनाभर प्रॅक्टिस उजव्याच बाजूने सुरू कर.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला स्वतःला फार आवडते. तुझ्या खेळावरून शिकून टेकन ८ तुझं भूत तयार करतो. त्याच्याशी एकदा खेळ. ब्लॉक झाल्या झाल्या ते काय करतं बघ. जमिनीवरून उठताना प्रत्येक वेळी लाथ मारतं का बघ. जीव थोडा उरला की सरळ हेलस्वीपच मारतं का बघ. जी सवय भुताला आहे ती बहुतेक तुझीच आहे, आणि तुला मारणाऱ्या प्रत्येक किंगला ती दुसऱ्या राऊंडपर्यंत कळलेली असते. दुसऱ्यांची भुतंही डाऊनलोड करता येतात. ज्याने तुला बेदम मारलं त्याचंच उतरवून घे. ते रागावत नाही, ‘शेवटची एक’ म्हणून पळून जात नाही, आणि शिफ्ट संपवून रात्री दोनला आलास तरी हजर असतं.

वेळेचं म्हणशील तर तास-दीड तास भरपूर आहे. त्यातली पहिली पंधरा-वीस मिनिटं आठवड्याच्या विषयाला दे, डोकं ताजं असताना. कॉम्बो पाच मिनिटं, हात मोकळे करण्यापुरते. उरलेला वेळ माणसांशी खेळ आणि शेवटी एक रिप्ले बघ. रात्रपाळीनंतर डोळे मिटत असताना खेळू नकोस. हातांनी शिकलेलं झोपेत पक्कं होतं, झोप मारून केलेला सराव बराचसा वाया जातो. सलग तीन मॅच हरलास तर रँक्ड बंद. त्यानंतर माणूस शिकायला खेळत नाही, गेलेले पॉइंट परत आणायला खेळतो.

रँक्डबद्दल आणखी थोडं. तिथे दोन मॅच जिंकल्या की सेट संपतो. समोरच्याचं काय चाललंय हे कळायला लागतं तेवढ्यात तो निघून जातो. म्हणून ओळखीचा एखादा किंग खेळणारा शोध आणि त्याच्याशी दहा विजयांपर्यंत लांब सेट खेळ. हरलास तरी पॉइंट जात नाहीत. त्याला सरळ विचार, ‘मला कशाने मारलंस?’ बहुतेक खेळणारे हे आनंदाने सांगतात, कधी कधी नको तितकं. अशा आपापसांत खेळणाऱ्या मंडळींची ताकद काय असते याचं उदाहरण पाकिस्तानातल्या लाहोरचं आहे. २०१९मध्ये तिथल्या अर्सलान अ‍ॅशने इव्हो या मारामारीच्या गेमच्या मोठ्या स्पर्धा, आधी जपानची आणि मग लास व्हेगासची, दोन्ही टेकन ७मध्ये जिंकल्या. व्हेगासच्या अंतिम फेरीत त्याने कोरियाच्या ‘नी’ (Knee) या नावाजलेल्या खेळाडूला हरवलं. जगाला वाटलं, हा एकटा मोहरा कुठून आला? तो म्हणत होता की आमच्याकडे असे आणखी आहेत. मग त्याच वर्षी ‘नी’ स्वतः पाकिस्तानात जाऊन तिथल्या पोरांशी खेळला आणि खरोखरच त्यांच्याकडून हरला. ती पोरं बाहेरच्या जगाला माहीतही नव्हती, वर्षानुवर्षं आपापसांत खेळून एकमेकांना धारदार करत आलेली. नाशिकमध्ये तुला चार जण मिळाले तरी पुष्कळ. एकाने किंग धरलेला असावा, एवढीच अट घाल.

राहता राहिली स्टिक. २०१४ची इव्हो, अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४, फ्रान्सच्या लुफीने रोझ हे कॅरेक्टर घेऊन जिंकली तेव्हा त्याच्या हातात जुन्या पहिल्या प्लेस्टेशनचा पॅड होता. स्टिक वाईट नाही. पण ती घेतलीस की जमवलेला इलेक्ट्रिक पुन्हा पहिल्यापासून जमवायला बसशील, आणि मग सहा महिने पुतळ्यासमोर उभं राहायला तुला सबळ कारण मिळेल. पैसे खर्चायचेच असतील तर राउटरपासून खोलीपर्यंत लॅन केबल ओढून घे. वायफायवर मध्येच फ्रेम उडतात, आणि पकड सोडवायचं बटण वेळेवर दाबूनही उशिरा पोचलं तर तू उगाच स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसशील. मॅच स्वीकारण्याआधी समोरचा वायफायवर आहे का हेही दिसतं. पहिले काही आठवडे अशांना सरळ नाही म्हण. केबल, वही आणि किंगच्या तीन पकडी, या आठवड्यात एवढंच. ह्वोआरांग पुढच्या आठवड्यात. एडीचं नंतर बघू.